हातचा, पाचोळा आणि भोपळा

"ऐकलंत का बाई, आमच्या ह्यांना शाळेतून चिठ्ठी आली."

"ह्यांना? शाळेत नातू जातो की हे जातात?"

"आली नातवाच्याच दप्तरातून, पण झोंबली ह्यांना. कालपासून जेवतानासुद्धा बोलत नाहीत. एका परीनं बरंच झालं म्हणा, आमटीच्या मिठाला कुणी नावं ठेवली नाहीत."

बाईंनी हातातला ओला पंचा तसाच कुंपणावर टाकला आणि दोन्ही कोपरं टेकून उभ्या राहिल्या. म्हणजे आता अर्धा तास निश्चिंती. इथं अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्या दोन घरांच्या मागच्या अंगणांमध्ये कंबरेएवढं जाळीचं कुंपण आहे. पलीकडे बाई, अलीकडे मी. बाई कराडकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. त्यांचा जावईसुद्धा त्यांना बाईच म्हणतो. दोघीही सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेल्या. घरात मुलगा एका खोलीत मीटिंगमध्ये, सून दुसऱ्या खोलीत मीटिंगमध्ये, त्यामुळे मोठ्यानं बोलायचं तर अंगणातच यावं लागतं. ऑक्टोबर लागला की गारठा पडतो, पण शाल घेऊन बोलता येतं.

"काय लिहिलं होतं चिठ्ठीत?"

"अहो, दुसरीतल्या पोराला अडतीस अधिक सत्तेचाळीस घातलं होतं. ह्यांनी रीतसर शिकवलं, आठ आणि सात पंधरा, पाच लिहायचे, हातचा एक. उत्तर पंच्याऐंशी. चुकलं का काही?"

"नाही."

"तर शिक्षिकेनं खाली लिहिलं, उत्तर बरोबर आहे, आता कसं काढलंस ते मला चित्र काढून दाखव. झालं! उभं आयुष्य बँकेत आकडे जुळवले आणि आता मी बेरजेचं चित्र काढू, म्हणून हे चिडले. वर घरी शिकवताना जरा दमानं घ्या, अशी एक ओळ होती. ती तर फारच लागली."

"वहिनी, एक करा. नातवाला विचारा, तो हातचा एक म्हणजे किती?"

"किती म्हणजे? एक."

बाई नुसत्या बघत राहिल्या माझ्याकडं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दशकाच्या घरात गेलेला तो एक म्हणजे दहा. मी घरी जाऊन ह्यांना विचारलं, तर हेही पटकन 'एक' म्हणाले आणि मग पेपर तोंडासमोर धरून बसले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला कुंपणावरच सगळं करून दाखवलं. उभी काडी म्हणजे दहा, टिंब म्हणजे एक. अडतीस म्हणजे तीन काड्या, आठ टिंबं. सत्तेचाळीस म्हणजे चार काड्या, सात टिंबं. पंधरा टिंबांतल्या दहांना गोल करायचा, की त्यांची झाली एक काडी. "मी चाळीस वर्षांपूर्वी हेच करत होते हो," बाई म्हणाल्या, "दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून. सुटे म्हणून चिंचोके. आमच्याकडं प्लास्टिकचे ठोकळे नव्हते, एवढंच. इथली मुलं आणखी एक युक्ती करतात. अडतीसला चाळीस व्हायला दोन हवेत, ते सत्तेचाळीसमधून उसने घ्यायचे. चाळीस आणि पंचेचाळीस, पंच्याऐंशी. पाटी-पेन्सिल नाही, हातचा नाही. मंडईतल्या बायका असाच हिशेब करतात, बघा आठवून."

खरंच की. आमच्या इचलकरंजीच्या बाजारातली भाजीवाली कधी हातचा घेत नाही.

"मग हातचा कधी शिकवणार हे लोक? पोरगं लग्नाचं झाल्यावर?"

"चौथीत. इथल्या अभ्यासक्रमात तसं लिहूनच ठेवलंय. उभी मांडणी करून मोठ्या बेरजा-वजाबाक्या सफाईनं यायला हव्यात त्या चौथीच्या अखेरीला. तोवर दुसरीत शंभरपर्यंतची बेरीज-वजाबाकी, हजारापर्यंतच्या संख्या, आणि सगळं कसं केलं ते सांगता आलं पाहिजे. पाढे तिसरीत."

"कितीचे?"

"एक अंकी. नऊ नव्वे एक्क्याऐंशीपर्यंत."

मी कपाळावर हात मारला. आमच्या सासऱ्यांना तीसपर्यंतचे पाढे येत होतेच, वर पावकी, निमकी, दीडकी. औटकीसुद्धा म्हणून दाखवायचे, साडेतीनचा पाढा. इथल्या लोकांचं घोडं तिसरीत जाऊन नवावर अडतं.

मला वाटलं, मी टीका करते आहे म्हणून बाई इथल्या शाळेची बाजू घेतील. तसं झालं नाही. "ते मात्र मला पटत नाही," त्या म्हणाल्या. "समजलं पाहिजे हे खरं, पण समजून घेत घेत तोंडपाठ करायचं राहूनच जातं. सहा वर्षांच्या मुलाला पाठ करायला मजा येते, नवव्या वर्षी कंटाळा येतो. मी नातीला अंघोळ घालताना बे ते पाच सुरू केलेत. शाळेला सांगत नाही. तुम्हीपण सांगू नका."

सांगते कशाला? आता हेही कळलं की बाईंचा गुपचूप पाढेवर्ग चालतो.

"त्या कोपऱ्यावरच्या घरातल्या आजी तर उघड सांगतात," मी म्हटलं. "त्यांचा नातू तिसरीत. आठवड्यातून दोन दिवस कुमॉनची शिकवणी, शनिवारी आणखी कसलं तरी गणित, रविवारी मराठी शाळा. परवा देवळात भेटल्या तर म्हणतात, आमचा भागाकार करतो. मी म्हटलं, कुणाचा?"

"वहिनी!"

"म्हटलं तरी. त्याची आई शिक्षिकेला ईमेल पाठवते म्हणे, माझ्या मुलाला वर्गात आव्हान मिळत नाही. मुलगा आव्हान कशाला मागेल, तो बिचारा मधल्या सुट्टीची वाट बघत असतो. आणि ती मिळते वीस मिनिटं."

"वीस तरी मिळतात म्हणा. २०१८ मध्ये न्यू जर्सीत त्यासाठी कायदा करावा लागला, पाचवीपर्यंतच्या मुलांना रोज किमान वीस मिनिटं खेळायला सोडलंच पाहिजे. शाळांनी अभ्यासापायी सुट्टी छाटायला घेतली होती."

खेळायला सोडण्यासाठी कायदा! मी हे घरी सांगितलं तेव्हा ह्यांनी चिठ्ठी आल्यापासून पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं. म्हणाले, "आमच्या वेळी वर्गात बसवायला कायदा लागला असता."

आकड्यांचं एक मात्र माझ्या मनात आधीपासून होतं. नातू मराठीत मोजताना एकोणसाठला हमखास अडतो. इंग्रजीत त्याला पन्नास आणि नऊ ऐकू येतं, मराठीत मात्र साठ ऐकू येतात आणि नऊ कुठंच नाहीत. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "तुम्हाला २०१९ चा गोंधळ आठवत नाही? बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर वीस एक असं वाचायची सोय केली होती. मंगला नारळीकर त्या समितीच्या अध्यक्षा. केवढी आरडाओरड! विधानसभेत विनोद झाले, टीव्हीवर चर्चा झाल्या, मराठी बुडाली म्हणून. त्या बाई शांतपणे सांगत होत्या की जुनी पद्धत काढलेली नाही, मुलांना लिहिताना अंक उलटे पडतात म्हणून दोन्ही दिल्यात. कोण ऐकतंय? खेड्यातल्या शाळेत पहिलीला शिकवलेल्या कुठल्याही शिक्षकाला विचारायचं होतं. पंचवीस लिही म्हटलं की आधी पाच लिहून पुढं दोन काढणारी मुलं मी दरवर्षी पाहिली. आता इथं तुमचा नातू सांगतोय तेच."

"पण मला एकोणसाठच आवडतं बाई."

"मलाही. पण आपल्याला आवडतं म्हणून त्याला कळतं असं थोडंच आहे?"

एवढ्यात आमच्या घरातून सुनेनं खिडकीवर टकटक केली, म्हणजे आवाज कमी. आम्ही दोघी कुंपणाच्या टोकाला, मेपलच्या झाडाखाली सरकलो.

बाईंची नात पहिलीत आहे आणि बाई सध्या तिच्या वाचनावर भाळल्यात. रोज संध्याकाळी ती छोटी छोटी पुस्तकं मोठ्यानं वाचते. त्यात गोष्ट अशी काही नसते, 'सॅमनं मॅटवर मॅप ठेवला' असलं काहीतरी. मी म्हटलं, यात काय कौतुक? बाई म्हणाल्या, "कौतुक आहे. हे लोक आत्ता कुठं बाराखडीपाशी आलेत."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला तरी नवीन होतं. अमेरिकेतल्या पुष्कळ शाळांतून वर्षानुवर्षं मुलांना सांगत होते की शब्द अडला तर चित्राकडं बघ, पहिलं अक्षर बघ, काय असेल त्याचा अंदाज कर. 'पोनी' लिहिलेलं असलं आणि मूल 'हॉर्स' म्हणालं तरी अर्थ लागला म्हणून चालून जायचं. हुशार मुलं तरून जात, बाकीची तिसरी-चौथीत पुस्तकातली चित्रं संपली की बुडत. २०२२ मध्ये एमिली हॅनफोर्ड नावाच्या पत्रकार बाईंनी यावर 'सोल्ड अ स्टोरी' नावाचा पॉडकास्ट केला आणि घराघरांतून आईबाप शाळेला जाब विचारायला लागले. आता राज्याराज्यांतून कायदे होताहेत, की अक्षर आणि आवाज यांची जोडी नीट लावूनच वाचायला शिकवा. न्यू जर्सीतही २०२४ मध्ये कायदा झाला. किंडरगार्टनपासून तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाचं वाचन वर्षातून किमान दोनदा तपासायचं.

"आमच्याकडं होती अशी मुलं," बाई सांगत होत्या. "धडा घडाघडा म्हणून दाखवायची. पुस्तक उलटं धरलेलं असायचं! पाठ असायचा. मग मी मधलाच एखादा शब्द फळ्यावर लिहायची, की गाडी बंद. इथं तपासायची रीत तर आणखी भारी. अर्थ नसलेले शब्द देतात वाचायला. कुठल्याच भाषेत नाहीत असे. पाठांतरही चालत नाही, अंदाजही चालत नाही. मला ही युक्ती नोकरीत असताना का सुचली नाही, असं झालं."

"पण इंग्रजीत बाराखडी आहे कुठं? क ला काना का, संपलं, असं थोडंच आहे?"

"तेच तर. अक्षरं सव्वीस आणि आवाज चव्वेचाळीसच्या आसपास. शेवटचा ई बघा. 'कॅप'च्या शेवटी येऊन बसला की 'केप', 'किट'च्या शेवटी बसला की 'काइट'. स्वतः हूं का चूं करत नाही, पण लांबून बसून मधल्याचा आवाज बदलतो."

"आमच्या सासूबाईंसारखा."

"आणि आता तुमच्यासारखा," बाई म्हणाल्या. शिक्षकी पेशातल्या बायकांना कधी काय बोलावं याचा पोच नसतो, पण मी सोडून दिलं.

मिसिसिपीचं उदाहरण बाईंना पाठ आहे. जावयाच्या ऑफिसातलं कुणी तिथलं आहे. चौथीच्या मुलांच्या देशपातळीवरच्या वाचन चाचणीत ते गरीब राज्य २०१३ मध्ये पन्नासात एकोणपन्नासावं होतं. त्याच वर्षी त्यांनी कायदा केला. शिक्षकांना नव्यानं शिकवलं, शाळांत वाचनाचे मार्गदर्शक नेमले, आणि तिसरीच्या अखेरीला वाचता येत नसेल तर पुढं ढकलायचं बंद केलं. २०२४ मध्ये ते नवव्या क्रमांकावर आलं. बाई हे सांगताना जरा ताठ उभ्या राहिल्या, जणू त्यांच्याच केंद्रातली शाळा पहिली आली.

मला त्यातलं नापास करणं खटकलं. आठ वर्षांच्या पोराला मागं ठेवायचं? बाई म्हणाल्या, खटकायलाच हवं, पण न वाचता येणाऱ्या पोराला सातवीपर्यंत ढकलत नेलेलंही त्यांनी पाहिलंय आणि ते त्यांना जास्त खटकतं. यावर आमचं एकमत झालं नाही. विषय बदलला.

विषय बदलायला पाचोळा होताच. सगळ्या अंगणभर. आमचे हे रोज झाडतात आणि रोज नव्यानं पडतो. नातू मात्र त्यातली निवडून पानं शाळेत नेतो. एक दिवस स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, आजी, कॉफी गाळायचा कागद दे आणि बाथरूममधलं जखम पुसायचं अल्कोहोल दे. मी आधी सुनेला हाक मारली. पण ते शाळेत करून आलेलं त्याला घरी दाखवायचं होतं. पान चुरून अल्कोहोलात घालायचं, कागदाची पट्टी त्यात टांगायची. तासाभरानं पट्टीवर हिरवा पट्टा चढला आणि त्याच्यापासून वेगळा झालेला पिवळा. "आजी, पिवळा आधीपासून आतच होता! हिरव्यानं झाकला होता!"

मी काही बाई नव्हे, पण हा धडा मला आवडला. दिवस लहान व्हायला लागले की झाड पानातला हिरवा रंग नव्यानं करायचं थांबवतं, होता तो मोडतो आणि मग आतला पिवळा-नारिंगी उघडा पडतो. लाल मात्र आधीपासून नसतो, तो याच दिवसांत पानातल्या साखरेपासून नव्यानं तयार होतो. मग देठाशी एक पडदा धरतो आणि पान गळतं. एवढं सगळं सात वर्षांचं पोर सांगतं आणि मी साठी उलटेपर्यंत नुसती झाडत होते.

"आपल्याकडं का नाही असं होत बाई?"

"होतं की. आपल्याकडं पानं गळतात ती फेब्रुवारी-मार्चकडं, आणि थंडीनं नाही, पाणी कमी पडतं म्हणून. आमच्या शाळेच्या आवारात देशी बदाम होता. त्याची पानं गळायच्या आधी अशी लालभडक व्हायची. पोरं त्यांच्या पिपाण्या करायची. मीच ओरडायची, कचरा करू नका म्हणून. त्या पानांवर एक धडा घेता आला असता."

सप्टेंबरात नातवाच्या वर्गात सुरवंट होते. मोनार्क नावाचं नारिंगी-काळं फुलपाखरू. वर्गातल्या जाळीच्या पिंजऱ्यात त्यांनी कोष केला, बाहेर आलं, पंख वाळवले आणि मुलांनी मैदानावर नेऊन सोडलं. आता ते चार हजार किलोमीटर उडत मेक्सिकोत मिचोआकान नावाच्या भागात जाणार, तिथल्या डोंगरातल्या झाडांना लटकून हिवाळा काढणार. न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला केप मे आहे, तिथं खाडी ओलांडायच्या आधी ती थव्यांनी थांबतात. गंमत म्हणजे यातल्या एकानंही ती वाट आधी पाहिलेली नसते. गेल्या वर्षी गेलेली केव्हाच मेलेली असतात, ही त्यांची पणतवंडं.

सुरवंट कशावर पोसतात म्हणून विचारलं, तर नातवानं मिल्कवीडचं चित्र दाखवलं. देठ मोडला की दुधाळ चीक, शेंग फुटली की म्हातारी उडते. मी म्हटलं, ही तर आपल्या मारुतीच्या रुईची बहीण! बाईंनी शिक्कामोर्तब केलं, एकाच कुळातली. आपल्याकडं रुईवर ते ठिपक्यांचं नारिंगी फुलपाखरू असतं ना, तेही मोनार्कचं जवळचं नातलग. आता नातवाला मारुतीच्या गळ्यातल्या रुईच्या माळेत रस निर्माण झालाय. सुनेनं विचारलं, हे शाळेनं शिकवलं का? मी म्हटलं, नाही, हा कुंपणाचा अभ्यासक्रम.

बाईंचा धाकटा नातू किंडरगार्टनला आहे. त्याच्या वर्गानं बर्फाच्या खड्यासाठी छत्री केली. कागद, काड्या, कापूस, पन्नी, मिळेल त्यातून. बाहेर उन्हात दोन खडे ठेवले, एक छत्रीखाली, एक उघडा. कुठला आधी वितळतो? बाईंनी विचारलं हे काय, तर कळलं की सूर्यामुळं जमीन तापते, सावलीनं कमी तापते, एवढा तो धडा. आणि त्यालाच जोडून हवामानबदल. न्यू जर्सी हे देशातलं पहिलं राज्य, जिथं किंडरगार्टनपासून बारावीपर्यंत सगळ्या इयत्तांच्या अभ्यासक्रमात हवामानबदल घातला. २०२० मध्ये ठरलं आणि सप्टेंबर २०२२ पासून वर्गात आलं. कशाला एवढ्या लहान मुलांना, असं मी म्हणणार होते. पण २०२१ च्या सप्टेंबरात आयडा वादळाचा पाऊस झाला तेव्हा या भागात रस्त्यांवर गाड्या तरंगत होत्या. मुलगा तेव्हा फोनवर म्हणाला होता, आई, तळघरात गुडघाभर पाणी आहे. पोरांना पाणी कुठून आलं ते तर कळायला हवं.

"सगळं चांगलंच शिकवतात असं नाही हं," बाई एकदम म्हणाल्या. आणि आवाज उतरला.

धाकट्यानं त्यांना सांगितलं होतं, आजी, आज आम्ही दिवे बंद करून कोपऱ्यात बसलो, दार लावलं, कोण जास्त वेळ गप्प बसतं असा खेळ होता, मी जिंकलो. त्यांना आधी खेळच वाटला. रात्री लेकीनं सांगितलं. इथं प्रत्येक शाळेला दर महिन्याला एकदा आगीची रंगीत तालीम आणि एकदा सुरक्षेची तालीम घ्यावीच लागते, कायदा आहे. बंदूक घेऊन कुणी शाळेत शिरला तर काय करायचं, तेही त्यात येतं. डिसेंबर २०१२ मध्ये जवळच्या कनेक्टिकटमध्ये सँडी हूकच्या शाळेत वीस मुलं गेली, सहा-सात वर्षांची, आणि सहा मोठी माणसं. बाईंच्या नातीच्या वयाची मुलं.

"कोयनेचे हादरे आम्हाला नेहमीचे," बाई म्हणाल्या. "सदुसष्ट साली मोठा भूकंप झाला तेव्हा मी स्वतः शाळकरी होते. पुढं शिक्षिका झाल्यावर पोरांना शिकवायची, हलायला लागलं की पळत मैदानात या. बाहेर या. इथं मुलांना आत लपायला शिकवतात. मी मुख्याध्यापिका होते वहिनी, पण ही तालीम माझ्याकडून घेऊन झाली नसती."

काय बोलणार? मी त्यांचा पंचा झटकून दिला.

सुट्ट्यांचं वेळापत्रक मात्र आम्ही दोघींनी मिळून चघळलं. आमच्या शाळेला दिवाळीची सुट्टी असते, एक दिवस. इथं आपली वस्ती दाट आहे म्हणून मिळते. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना तर ती पहिल्यांदा २०२४ मध्ये मिळाली. पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षक संघटनेचं अधिवेशन असतं अटलांटिक सिटीत, त्याला गुरुवार-शुक्रवार दोन दिवस शाळा बंद. बाईंना हे भयंकर आवडलं. "आमच्या अधिवेशनाला रजा घेतली की गावातले लोक पेपरात बातमी छापून आणायचे," त्या म्हणाल्या. आईबापांची मात्र तारांबळ, मुलं घरी आणि मीटिंगा चालू. म्हणून तर आपल्याला तिकीट पाठवतात, असं मी म्हणाले आणि दोघींनी एकदम घराच्या खिडक्यांकडं पाहिलं.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. पूर्वी वर्गातल्या मुलांना कागदी पिसं लावून नाटक बसवायचे, १६२१ ची मेजवानी, गोरे आणि स्थानिक लोक एकत्र जेवले, संपलं. आता वाम्पानोआग लोकांचं नाव घेऊन सांगतात, आणि त्यांचं पुढं काय झालं तेही थोडंथोडं. आपल्या भागात लेनापे लोक होते. ही रॅरिटन नदी आहे ना, तिचं नाव त्यांच्याच भाषेतलं. आणि आता २०२२ च्या कायद्यानं आशियाई अमेरिकनांचा इतिहासही शिकवायचा आहे इथं. बाई म्हणाल्या, आपला कुठला शिकवणार? मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या आजी आहेत की, त्यांना बोलवा, दोन तासिका सहज घेतील.

भोपळ्याचं सांगायचं राहिलंच होतं. वर्गात भोपळा आणला होता. आधी सुतळीनं घेर मोजायचा, पण सुतळी कापायची अंदाजानं. बहुतेकांची आखूड पडली किंवा लोंबत राहिली. मग पाण्याच्या टबात टाकला. बुडेल की तरंगेल? माझ्या नातवानं पैज लावली की बुडेल, इतका जड आहे. तरंगला. आत पोकळ असतो ना. मग कापून बिया काढल्या, हात माखून, किंचाळत. दहा-दहाचे ढीग, दहा ढिगांचा शंभर. लहान भोपळ्यात मोठ्यापेक्षा जास्त बिया निघाल्या आणि वर्गात गोंधळ उडाला. ह्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, नीट मोजल्या नसतील. पण शनिवारी स्वतः दोन भोपळे घेऊन आले.

"आता त्यांचं काय करताय?" बाईंनी विचारलं.

"बिया मोजून झाल्या, आता गर उरलाय. घारगे करते. थोडे वर्गात पाठवीन म्हणते."

"अजिबात नको! बाहेरचा पदार्थ वर्गात चालत नाही. कुणाला शेंगदाणा, कुणाला अंडं, कुणाला तीळ. शिक्षिकेची आणखी एक चिठ्ठी येईल."

"मग तुमच्याकडं पाठवते."

"कुठला भोपळा आणलाय?"

"तो मोठा, नारिंगी. दारात कोरून ठेवतात तो."

"हात्तिच्या! तो पाणचट असतो वहिनी, नुसते दोरे. त्याचे घारगे तेलात फुटतात. पटेलच्या दुकानात ते छोटे गोड भोपळे आलेत, ते आणा. आणि गूळ आपला घ्या, इथली ब्राऊन शुगर नको."

"हे केलेत वाटतं तुम्ही?"

"केलेत म्हणजे? मागच्या आठवड्यातच. जावई चार खाऊन उठला."

"आणि मला एकही नाही पाठवला?"

बाईंनी पंचा उचलला. "अगंबाई, मुलांच्या बसची वेळ झाली की," म्हणाल्या आणि तरातरा निघाल्या. बस यायला अजून पाऊण तास होता.